किती तास झाले, हे विचारू नकोस

ती. दादास,


पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. फोनवर आपलं बोलणं सुरू झालं की तिसऱ्या मिनिटाला ऊसतोडीची टोळी अजून का आली नाही यावर येतं आणि पाचव्या मिनिटाला तू "बरं, ठेवतो" म्हणतोस. म्हणून लिहितेय. वहिनीलाही वाचून दाखव. नाहीतर घडी घालून खिशात ठेवशील आणि शर्टासोबत धुऊन निघेल.

गेल्या रविवारी मी बारामतीला जाऊन तुझ्या लेकीला भेटले. हॉस्टेलच्या फाटकाशी कडुलिंबाखाली एक बाकडं आहे, तिथं बसलो. वहिनीनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू तिनं मैत्रिणींत वाटून टाकलेत, त्यामुळे मी नेलेल्या चिवड्यावर ती तुटून पडली. म्हटलं, भूक आहे म्हणजे काळजी नाही. मग तिनं वही दाखवली. वहीत अभ्यास नव्हता, तास होते. सोमवार, मंगळवार, बुधवार असे रकाने आणि प्रत्येक रकान्यात किती तास बसले त्याचा आकडा. रोज रात्री साडेआठला तुझा फोन येतो. जेवलीस का, आणि किती तास झाले. एवढंच विचारतोस.

"मी बारा सांगते आत्या," ती म्हणाली. "दहा सांगितले की पप्पा गप्प होतात."

दादा, तुझ्या गप्प होण्यापायी पोरगी दोन तासांची किंमत मोजतेय. अण्णांचंही असंच होतं, आठवतंय ना? ते कधी रागावले नाहीत, हात उगारला नाही. फक्त गप्प व्हायचे आणि घरातली भांडीसुद्धा हळू वाजायची. तुला ते आवडायचं नाही. मलाही नाही.

तिचं जीवशास्त्राचं पुस्तक मी उघडलं. पानंच्या पानं हायलायटरनं पिवळीधमक, जेजुरीच्या भंडाऱ्यासारखी. एक ओळ कोरी सोडलेली नाही. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, हा धडा मला सांग, जणू मी बाजारात बसलेली कुणी बाई आहे. तिनं तीन वाक्यं सांगितली आणि थांबली. "चार वेळा वाचलाय," म्हणाली, आणि डोळे भरून आले. मी धड्याबद्दल पुढं काही बोलले नाही, चिवडा पुढं केला.

बावीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवतेय, पण हे मलाही उशिराच कळलं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की आलं असं वाटतं. ओळखणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात कुणी दिसलं की चेहरा ओळखतोच आपण, पण नाव विचारलं की जीभ अडते. परीक्षा नाव विचारते. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर याचा एक प्रयोग केला. काही मुलांनी उतारा चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि मग पुस्तक मिटून तीन वेळा आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की आपल्याला पुढंही चांगलं आठवेल अशी जास्त खात्री चार वेळा वाचणाऱ्यांनाच होती.

म्हणून आमच्या वर्गात आता 'कोरा कागद' चालतो. तास सुरू झाला की पहिली सात-आठ मिनिटं पुस्तक बंद, मागच्या तासाचं जे आठवेल ते लिहायचं. मार्क नाहीत, नावसुद्धा टाकायचं नाही. पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला आणि त्याला पाच गुण ठेवले. आठवड्याभरात सगळी पोरं शेजाऱ्याच्या कागदात डोकावायला लागली. दुसऱ्या वर्षी गुण काढून टाकले, तेव्हा कुठं कागदावर खरं उतरायला लागलं. एकानं लिहिलं होतं, "मॅडम, काल काय झालं ते आठवत नाही, पण तुम्ही फळ्यावर काढलेलं हृदय बटाट्यासारखं होतं." ते खरंच होतं तसं.

तुझ्या लेकीलाही मी हेच सांगून आलेय. रात्री दहा मिनिटं कोरा कागद. दुसऱ्या दिवशी परत तोच धडा, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. जर्मनीत एबिंगहाउस नावाच्या माणसानं स्वतःवरच हे करून बघितलं होतं. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती विसरलो ते मोजायचं. १८८५ साली त्यानं ते छापलं. एका दिवसातच पाठ केल्याचा बराचसा फायदा निघून जातो, पण मध्ये थोडं थांबून परत उजळणी केली तर प्रत्येक वेळी कमी कष्टात येतं आणि जास्त टिकतं. तुला हे सांगायला जर्मनी कशाला पाहिजे म्हणा. नीरेच्या पाटावरच्या मामांच्या जमिनीचं काय झालं बघितलंस ना? पाणी फुकट आहे म्हणून भरत राहिले, भरत राहिले आणि एक दिवस रानात मीठ फुटलं. आता तिथं लव्हाळासुद्धा नीट येत नाही. तू ठिबक केलंस म्हणून तुझं रान जिवंत आहे. हे मी तिलाही सांगितलं, तर ती म्हणाली, "आत्या, मी ऊस नाहीये." बरोबर आहे तिचं, तेव्हा ही उपमा इथंच सोडते.

आता झोपेचं. त्या हॉस्टेलात पहाटे साडेचारला घंटा होते आणि रात्री साडेअकराला दिवे जातात. हे ऐकून तुला बरं वाटलं असणार. आपल्याकडे पहाटे उठून अभ्यास करणारं पोर म्हणजे सोनं. पण आपली आजी पहाटे चारला जात्यावर बसायची ती रात्री आठला निजायची म्हणून. वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढं सरकतं. रात्री झोप उशिरा लागते आणि सकाळी लवकर डोळा उघडत नाही. तो आळस नव्हे, तसं ते वयच आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात. तुझ्या लेकीला पाच मिळतात. आणि दिवसभर शिकलेलं डोक्यात बसवायचं काम झोपेतच होतं. म्हणजे झोप कापून वाढवलेला तास हा विहिरीतलं पाणी विहिरीतच ओतण्यासारखा.

झोपेवरून एक सांगते. हे मी कुणाला फारसं सांगत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक पोरगा होता. पहिल्याच तासाला बाकावर डोकं टेकायचा. एकदा-दोनदा सोडलं. तिसऱ्यांदा त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हटलं, झोपायचंच असेल तर घरी थांब, एसटीच्या पासचे पैसे तरी वाचतील. वर्ग हसला. तो काही बोलला नाही. पुढं महिनाभर बसला, पण माझ्याकडं बघायचा नाही. एक दिवस त्याच्या तळहाताला फोड आलेले दिसले म्हणून विचारलं, तेव्हा कळलं. त्यांच्या भागात शेतीची थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असायची. वडील पाठीच्या दुखण्यानं आडवे. मोटर चालू करायला, बारी मोडायला हा जायचा. पहाटे घरी येऊन आंघोळ केली की साडेसहाची गाडी.

आणि मी, दादा, मी! जिला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. १९९४ ला माझी बारावी होती. तेव्हा सीईटी नव्हती, नीट नव्हती, बारावीच्या मार्कांवरच सगळं. त्या वर्षी रात्रीचं पाणी कोण धरत होतं? तू. माझ्या उशाशी कंदील ठेवून बॅटरी घेऊन जायचास आणि मी झोपलेय असं समजून दार हळूच ओढायचास. त्याच्या चार वर्षं आधी तू स्वतः बारावीला इंग्रजीत राहिला होतास. परत फॉर्म भरतो म्हणालास आणि भरला नाहीस. त्याचं कारण घरात कुणी विचारलं नाही, मीही नाही. मी येष्टीनं इंदापूरला कॉलेजला जायचे तेव्हा तू फाट्यावर ऊस भरत असायचास.

त्या पोराची माफी मी वर्गातच मागितली. मग आम्ही दोघा-तिघा शिक्षकांनी मिळून एक केलं, ज्याला योजना वगैरे म्हणता येणार नाही. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाकडून एक कागद घ्यायचा. घरून किती वाजता निघता, कुठली गाडी, घरी कोणतं काम, रात्रीचं पाणी आहे का, अभ्यासाला जागा कुठं. हा कागद कपाटात कुलपात राहतो. पण त्यामुळे कळतं की कुणाच्या घरी भिगवणच्या बाजाराची मच्छी पहाटे निवडायला लागते, कोण टोळीवरच्या आई-बापासोबत फिरतं, कुणाची गाडी दुपारी दोनला गेली की पुढची पाचला. ज्यांची गाडी उशिरा त्यांच्यासाठी एक वर्गखोली उघडी ठेवतो. पंखा, फळा आणि पिण्याचं पाणी, बस्स. तिथं मास्तर नसतो. पोरं एकमेकांना शिकवतात, भांडतात, अधूनमधून अंताक्षरी चालते. प्राचार्यांनी एकदा अंताक्षरी ऐकली आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, सर, उजळणी चालू आहे.

तू म्हणशील, एवढं चांगलं आहे तर पोरीला तुझ्याकडंच टाकली असती. मी म्हणालेच होते. पण तुला इंटिग्रेटेड पाहिजे होतं. नाव एका कॉलेजात, शिकवणी दुसरीकडं, कॉलेजचं तोंड बघायचं ते फक्त प्रॅक्टिकलला. राज्यभर हेच चाललंय. २०१८ साली सरकारनं विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता, तरीही चाललंय. माझ्या पटावर ऐंशी नावं असतात आणि समोर तीस-पस्तीस पोरं. वर्ग निम्मा रिकामा असतो याचं मला वाईट वाटतंच, पण माझं जाऊ दे. पोरांचं काय जातं ते सांगते. जिथं फक्त परीक्षा आहे तिथं खो-खोचा संघ नाही, गॅदरिंग नाही, मधली सुट्टी नाही. ज्यात आपण नापास झालो तरी बिघडत नाही अशी एकही गोष्ट दिवसात उरत नाही. सोळा वर्षांच्या जिवाला हे फार जड जातं.

तिच्या हॉस्टेलात दर रविवारच्या टेस्टची यादी लागते, मेसमधल्या हात धुवायच्या बेसिनच्या वर. नाव, मार्क, रँक. दिवाळीनंतर ती वरच्या बॅचमधून खालच्या बॅचमध्ये गेली. हे तिनं तुला सांगितलेलं नाही आणि मी सांगितलं हे तू तिला कळू द्यायचं नाहीस. आता ती मेसला सगळ्यात शेवटी जाते, म्हणजे बेसिनपाशी गर्दी नसते. भाजी संपलेली असते. वहिनी विचारत होती ना, वजन का उतरलं म्हणून?

हे असंच असतं, सगळीकडं असंच करतात, असं म्हणू नकोस. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं याच गोष्टीवर निकाल दिलाय. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणारी सतरा वर्षांची मुलगी हॉस्टेलात राहत असताना वारली, तिच्या वडिलांनी दाद मागितली होती. कोर्टानं देशभरासाठी पंधरा सूचना घालून दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असला पाहिजे. मार्कांवरून बॅच पाडणं आणि चारचौघांत लाजवणं कोचिंगवाल्यांनी शक्यतो टाळलं पाहिजे. त्या वडिलांचं नाव निकालावर आहे, मी ते वाचलं आणि बराच वेळ तसंच बसून राहिले. पुढच्या पालकसभेला जाशील तेव्हा हात वर करून एवढंच विचार, समुपदेशक कोण आहेत आणि कुठल्या वारी भेटतात. तू ग्रामसभेत विजेच्या डीपीवरून दोन तास भांडतोस, हे तर दोन मिनिटांचं काम आहे.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. बारामतीत २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेज झालं, वर्षाला शंभर जागा. तिला सोडायला गेलास त्या दिवशी गाडी मुद्दाम त्या इमारतीवरून नेलीस, हे तिनंच सांगितलं. वाईट वाटून घेऊ नकोस, मी असते तर मीही नेली असती. आपली जुनी जमीन उजनीच्या पाण्याखाली गेली तेव्हा मी पाळण्यात होते आणि तू बैलगाडीत भांड्यांवर बसून नव्या गावठाणात आलास. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर वर यायचं आणि अण्णा काठावर उभे राहून बोटानं दाखवायचे. देऊळ तिथं, म्हणजे आपलं रान तिथं. जमीन पाण्याखाली जाते, शिकलेलं जात नाही, असं ते म्हणायचे. थोरल्याला तू चाकणच्या कंपनीत लावलंस. आता अण्णांचं ते सगळं वाक्य एकट्या पोरीच्या डोक्यावर आहे.

पण आकडे बघ. २०२५ ला नीटला देशात २२ लाखांवर मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा सगळ्या देशात मिळून लाख-सव्वा लाख, त्यातल्या निम्म्या खासगी कॉलेजांतल्या, जिथली फी ऐकून तू मटकन खाली बसशील. प्रयत्न करू नये असं मी म्हणत नाही. करू दे. पोरगी हुशार आहे, आणि तिच्या अकरावीचे प्रवेशच ऑगस्टपर्यंत रेंगाळले, त्यामुळे अजून सुरुवातच आहे. पण हेच एक दार आहे आणि ते बंद झालं की भिंत, असं तिला वाटायला लागलंय. तिला काय व्हायचंय हे तिलाही नक्की माहीत नाही. अकरावीत माहीत नसणं हा काही रोग नाही.

लक्ष कशाकडं द्यायचं तेवढं सांगते. नापास होण्याकडं नको. दोन-दोन आठवडे नीट झोप नाही, जेवण नाही, आवडीचं काही नको वाटतंय, 'माझ्यामुळं तुमचे पैसे वाया गेले' असं परत परत बोलतेय, तर रात्रीच्या फोनसाठी थांबायचं नाही. गाडी काढायची, घरी आणायचं, डॉक्टरला दाखवायचं. कुणी काय म्हणेल ते मी बघून घेते. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा फोन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तिच्या वहीच्या मागच्या पानावर मी लिहून दिलाय. तूही मोबाईलमध्ये घालून ठेव, डीपीच्या वायरमनच्या नंबराशेजारी. रात्रीच्या फोनला आजपासून दुसरंच काही विचार. मेसमध्ये काय होतं, कुठल्या मैत्रिणीनं काय फजिती केली. तुला जमणार नाही, पहिले चार दिवस तू 'हं' म्हणून गप्प बसशील. मग तुझं सांग. म्हैस व्याली का, टोळी आली का, पाण्यावर रोहित पक्षी उतरले का. तिला ते ऐकायचं असतं. आणि अभ्यासाचं विचारल्याशिवाय राहवलंच नाही, तर 'आज काय शिकलीस, मला सांग' म्हण. समजलं नाही तर समजलं नाही म्हण. तिला परत सांगावं लागेल, म्हणजे तिचा कोरा कागदही होऊन जाईल.

येत्या शनिवारी दुपारनंतर तिला सुट्टी मिळतेय, रविवारची टेस्ट या वेळी नाही. मी वॉर्डन बाईंशी बोलून ठेवलंय. तू मोटारसायकलवर भिगवणला ये, एसटी साडेचारच्या सुमारास पोचते. येताना चिलापी घेऊन ये, वहिनीला म्हणावं कालवण पातळच कर, तिला पातळ आवडतं. सकाळी तिला हवं तितकं झोपू दे. दहा वाजले तरी हाक मारू नकोस, आणि मुद्दाम बादल्या आपटू नकोस. मला माहीत आहे तू आपटतोस.

आणि शनिवारी वीज रात्रीची असली तर मोटर मी चालू करीन. मीही येतेय. बॅटरी तेवढी चार्ज करून ठेव.

तुझी धाकटी